बोटाचा आवाज

तेवीस वर्षं झाली,
ओटाउटाऊच्या पुढचा हा टपालाचा रस्ता माझ्याकडे आहे.
स्टिअरिंग उजवीकडे, पेट्या डावीकडे,
म्हणून प्रत्येक फाटकाशी मी सीटवर आडवी होते
आणि डावा हात खिडकीबाहेर लांबवते,
पंगतीत वाढताना वाकावं तशी.

कागद आता कमीच.
विजेचं बिल, मेंढ्यांच्या औषधाची जाहिरात,
क्वचित कुणाच्या नातवाचा वाढदिवस.
आठवड्यातून तीनच फेऱ्या उरल्यात.
पेट्या मात्र होत्या तेवढ्या आहेत.

हेंड्रीच्या खांबावर जुना मायक्रोवेव्ह.
दार उघडलं की आत अजून दिवा लागतो.
वीज कुठून आणलीस, विचारलं
तर गडी नुसता हसतो, अकरा वर्षं झाली.
टिपेनेने आजोबांचा गमबूट आडवा ठोकलाय,
टाच कापून तिथे रबराची झडप,
पावसाचा एक थेंब आत जाईल तर शपथ.
आणि रोडेल,
इलोइलोहून इथे गाई पिळायला आलेला,
त्याने पत्र्याची जीपनी बनवली आहे,
लाल-पिवळी, पुढे सहा आरसे,
कपाळावर बायकोचं नाव.
टपाल मागच्या दाराने चढवायचं, प्रवाशांसारखं.
एकदा, आसपास कुणी नाही बघून,
मी बिलाला म्हटलं, "पुढे सरका, पुढे सरका."

मागे शहरातून एक मुलगी आली होती कॅमेरा घेऊन.
म्हणाली, ही कला आहे.
रोडेल म्हणाला, दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो.
मला दोघांचंही पटलं.

त्या मुलीने ऑड्री टुलॉकच्या पेटीचा फोटो काढला नाही.
खरं सांगायचं तर मीही ती कधी नीट पाहिली नव्हती.
लाकडी खोकं. हिरवा रंग, तोही उडालेला.
टपाल टाकलं की तळ जरासा दबायचा,
मला वाटायचं, फळी कुजली असेल.

मग जुलैत गारांनी रस्ता अडला
आणि तिने मला चहाला आत घेतलं.
स्वयंपाकघरात, खिडकीवर,
चमचे टांगलेले.
सात. हातोडीने चेपून पातळ केलेले,
प्रत्येकाची लांबी वेगळी.
एक बारीक तार भिंतीतून बाहेर,
बाहेरून कुंपणावर, कुंपणावरून थेट फाटकापर्यंत,
दोनशे पावलं.

"फळीवर किती वजन पडलं, त्यावर आहे," ती म्हणाली.
"बिल आलं की हा. बियांचा कॅटलॉग आला की हे दोन.
आणि हा, बारका,
हा लर्विकहून बहिणीचं पत्र आलं की."
बारक्यावर धूळ होती.
तिने चहात आणखी दूध घातलं.
मी विचारलं नाही.

किती दिवस लागले हे करायला?
"दोन हिवाळे. गुडघे दुखायचे ना,
फाटकापर्यंत उगीच हेलपाटा कशाला."
एवढंच कारण.
कला हा शब्द तिच्या ओट्यावर
कुठे ठेवायचा ते मला कळेना,
म्हणून मी तो परत खिशात घातला.

गेल्या गुरुवारी तिच्या नावाचं काही नव्हतं.
गाडी तरी थांबवली.
इकडेतिकडे पाहिलं, हात आत घातला
आणि बोटाने फळी हलकेच दाबली.
वारा घराच्या बाजूने होता,
मला काहीच ऐकू आलं नाही.

ती दारात आली. एप्रनला हात पुसत.
मी ओरडून म्हटलं, "काही नाही! चुकून लागलं!"

"माहीत आहे," ती ओरडली.
"बोटाचा आवाज वेगळा येतो."

आज शनिवार. बिल द्यायला गेले
तर खिडकीत चमचे आठ.
रस्त्यावरून मोजले.
पुन्हा एकदा मोजले.